जुन्या ओम्नीचं इंजिन मॅन्युअल बघून कसं सांभाळावं

मारुतीची ओम्नी व्हॅन बनायची थांबली २०१९ मध्ये. म्हणजे आज आपल्या बेळगाव जिल्ह्यात केए २२ किंवा केए २३ ची पाटी लावून फिरणारी सगळ्यात नवी ओम्नीसुद्धा जुन्या गाडीतच जमा आहे. आपल्याकडे तर त्याहून कितीतरी आधीच्या गाड्या अजून पहाटे डेअरीला दूध घालतात, आठवडी बाजाराला भाजी नेतात, खानापूरच्या रानातल्या वाड्यांवरून माणसं तालुक्याला आणतात. या गाड्या टिकल्या त्या साध्या इंजिनामुळे आणि नुसत्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या मिस्त्रींमुळे. त्या मिस्त्रींची पिढी आता थकत चालली आहे. नवीन पोरं हुशार आहेत, पण त्यांचा हात स्कॅनरवर बसलेला आहे. कार्बोरेटर आणि डेल्को (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) त्यांच्या समोर रोज येत नाहीत. म्हणून गाडी अजून दहा वर्षं चालवायची असेल, तर मालकाने स्वतः सर्व्हिस मॅन्युअल वाचायला शिकलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

इंजिन कसं उघडायचं, हे मिस्त्री दाखवतोच. मॅन्युअल लागतं ते दोन प्रश्नांसाठी: किती, आणि कुठल्या क्रमाने. नट किती घट्ट, फट किती, झीज किती झाली की भाग बदलायचा. कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर. अंदाजाने केलेलं काम इथेच फसतं.

पुस्तक आपल्याच इंजिनाचं आहे ना?

गाडीबरोबर मिळालेलं छोटं पुस्तक म्हणजे ओनर्स मॅन्युअल. त्यात ऑईल किती, टायरमध्ये हवा किती, फ्यूज कुठला एवढंच असतं. आपल्याला हवं ते सर्व्हिस मॅन्युअल, म्हणजे वर्कशॉपसाठी छापलेलं जाड पुस्तक. त्याच्या जोडीला पार्ट्स कॅटलॉग मिळाला तर फार उत्तम. त्यात प्रत्येक भाग सुटा करून चित्रात दाखवलेला असतो आणि शेजारी पार्ट नंबर असतो. बोल्टवर वायसर एक होता की दोन, असा प्रश्न रात्री नऊ वाजता पडला तर उत्तर कॅटलॉगच्या चित्रात सापडतं.

पुस्तक मिळालं की आधी इंजिनाची ओळख पटवा. आपल्या ओम्नीत असतं ते एफ-८-बी इंजिन: तीन सिलेंडर, ७९६ सीसी, बोअर (सिलेंडरचा व्यास) ६८.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७२ मिमी. याच घडणीची सुझुकी कॅरी व्हॅन परदेशातही विकली गेली. तिची मॅन्युअल शोधताना समोर येतात, आणि चित्रातली गाडी अगदी आपल्यासारखी दिसते. पण तिच्यात एफ-८-ए नावाचं ७९७ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन असू शकतं, नाहीतर ९७० सीसीचं एफ-१०-ए. एक सीसीचा फरक बघून 'एकच आहे' म्हणून त्यातली मापं आपल्या इंजिनाला लावायची नाहीत. मापांच्या पानावर सिलेंडरची संख्या आणि बोअर-स्ट्रोक जुळले तरच ते पुस्तक आपलं.

दुसरी गोष्ट, गाडी कार्बोरेटरची की एमपीएफआयची (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी)? इंजिनाचा खालचा भाग बराचसा सारखा असला तरी पेट्रोल आणि इग्निशनची प्रकरणं वेगळी असतात. नंतरच्या बदलांसाठी कंपन्या पातळ पुरवणी काढतात. पुरवणीत जेवढं बदललं तेवढंच छापलेलं असतं, बाकीचं मूळ पुस्तकात. त्यामुळे दोन्ही समोर ठेवावी लागतात, आणि दोन्हींत वेगळा आकडा दिसला तर आपल्या इंजिन नंबरला लागू असलेला धरायचा.

पाना न उचलता पहिलं वाचन

मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं पुस्तक नव्हे. एका संध्याकाळी चहा घेऊन बसा आणि इंजिनाचं एकच प्रकरण बघा. प्रत्येक कामाचे साधारण तीन भाग दिसतील: काढणं, तपासणं, बसवणं. घाईत लोक पहिला आणि तिसरा वाचतात. माझ्या मते सगळा जीव मधल्या भागात आहे.

तपासणीच्या तक्त्यात बहुतेक मापांपुढे दोन रकाने असतात, स्टँडर्ड आणि लिमिट. स्टँडर्ड म्हणजे नव्या भागाचं माप. लिमिट म्हणजे ज्याच्या पलीकडे तो भाग वापरायचा नाही ते माप. आपल्या जुन्या गाडीचं माप जवळजवळ नेहमी या दोहोंच्या मधे येणार. तिथे नीट विचार करावा लागतो. माप स्टँडर्डच्या जवळ असेल तर भाग तसाच बसवा. लिमिटला टेकत आलं असेल आणि त्या भागापर्यंत पोहोचायला दोन दिवसांची उघडझाक लागत असेल, तर तो आत्ताच बदला. तोच भाग वरच्या वर निघणारा असेल तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबायला हरकत नाही. पुस्तक हा निर्णय देत नाही, पण निर्णयाला लागणारा आकडा देतं.

बेळगावात या आकड्याचा उपयोग फार होतो, कारण उद्यमबागसारखी कारखान्यांची जागा आपल्या हाताशी आहे. बोअरिंग, होनिंग, हेड फेसिंग (सिलेंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, घासून सपाट करणं), क्रँक ग्राइंडिंग, हे सगळं करणारी अनुभवी माणसं इथे आहेत. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ पडतं. पण लेथवर उभा असलेला माणूस तुम्ही सांगाल तेवढंच काढणार. हेड घेऊन गेलात की तो विचारतो, "किती घ्यायचं, मालक?" तिथे "नेहमीसारखं" म्हणू नका. "अण्णा, आधी पट्टी लावून वाक किती आहे ते बघूया, पुस्तकात मर्यादा दिलीय," असं म्हणा आणि पान समोर धरा. चांगला कारागीर याने दुखावत नाही, उलट खुलतो. तो सरळ पट्टी हेडवर लांबीला, रुंदीला, दोन्ही तिरक्या दिशांना ठेवेल आणि खाली फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पान सरकवून बघेल. मर्यादेत असेल तर फेसिंगची गरजच नाही. गरज नसताना घासलेलं हेड कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबली जाण्याचं प्रमाण) वाढवतं, आणि पुढच्या वेळी घासायला धातू उरत नाही.

सिलेंडरचंही तसंच. माप एकाच ठिकाणी घेऊन भागत नाही. वर, मधे, खाली अशा तीन उंचीवर, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने व तिच्या आडव्या दिशेने घ्यायचं. सहा आकडे कागदावर आले की सिलेंडर किती निमुळता झालाय आणि किती लांबट, ते दिसतं. जुने लेथवाले अजून थाऊमध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिमी, म्हणून ०.२५ मिमी ओव्हरसाइज पिस्टनला ते 'दहा थाऊ' म्हणतील. सहा थाऊ म्हणजे साधारण ०.१५ मिमी. पिस्टन आधी विकत घ्या, ते मोजा, आणि मगच पुस्तकातला क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलेंडरमधली फट) धरून बोअर करायला सांगा.

बसवण्याच्या भागात एक वाक्य हमखास भेटतं: 'काढल्याच्या उलट क्रमाने बसवा.' या एका ओळीत बरंच काही गाळलेलं असतं. काढताना टॉर्क (नट किती जोराने आवळायचा ते माप) लागत नाही, नवीन गॅस्केट लागत नाही, आट्यांना तेल लावायचं की कोरडे ठेवायचे हा प्रश्न येत नाही. बसवताना हे तिन्ही लागतात. म्हणून ही ओळ दिसली की प्रकरणाच्या शेवटचा टॉर्कचा तक्ता उघडायचा, चित्रांतल्या खुणा बघायच्या (एकदाच वापरायचे भाग, सिलंट लावायच्या जागा), आणि आपल्या कागदावर बसवण्याचा क्रम स्वतः लिहून काढायचा.

कागद तयार करा

मॅन्युअल गॅरेजच्या फरशीवर नेऊ नका. त्या कामाचं एक पान तयार करा, मराठीत, मोठ्या अक्षरात: लागणारे पाने, लागणारे नवीन भाग, क्रम, आकडे. चित्राची झेरॉक्स चिकटवा. घरात इंग्रजी वाचणारं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा; भाषा जड नसते, तीच तीच क्रियापदं परत परत येतात. आणि मिस्त्री मराठी बोलणारा असो की कन्नड, आकडा आणि चित्र दोघांनाही सारखंच कळतं. बैलहोंगल किंवा गोकाकच्या गॅरेजात गाडी अडकली, तर हा कागद तुमच्या तोडक्यामोडक्या कन्नडपेक्षा जास्त कामाला येईल.

कागदावर एककं सांभाळून लिहा. जुन्या पुस्तकांत टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, नवीन पान्यांवर न्यूटन-मीटर आणि फूट-पौंड. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर किंवा ७.२ फूट-पौंड. समजा आकडा ५.५ किलोग्रॅम-मीटर आहे. तो झाला ५४ न्यूटन-मीटर. कोणी हेच ५४ चुकून फूट-पौंडाच्या रेषेवर लावलं तर बोल्टवर सुमारे ७३ न्यूटन-मीटर जातील. ॲल्युमिनियमच्या आट्यांना एवढा फरक आटे जायला पुरेसा आहे.

हत्यारांत टॉर्क रेंच, फिलर गेज आणि कॉम्प्रेशन गेज एवढी तीन चांगली घ्या, बाकी पाने साधे चालतील. टॉर्क रेंचने कधी नट ढिला करू नका, आणि काम झालं की त्याची स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

पहिलं खरं काम: टॅपेट सेटिंग

ऑईल, फिल्टर, प्लग ही कामं तुम्ही करतच असाल. पुस्तकातून तिथे तीनच गोष्टी घ्या: ऑईलची ग्रेड आपल्या हवामानाच्या रकान्यातून, ड्रेन प्लगचा टॉर्क, आणि प्लगची फट. पुस्तकाची खरी सवय लागते ती टॅपेटच्या कामात, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट जुळवण्याच्या कामात, म्हणून ते सावकाश सांगतो.

आदल्या संध्याकाळी गाडी सपाट जागी लावा आणि सकाळी चालू न करता काम सुरू करा. पुस्तकात थंड आणि गरम इंजिनाचे आकडे वेगळे असतात, कारण धातू तापला की फट बदलते. घरच्या माणसाने थंडचाच आकडा धरावा. इनटेक आणि एक्झॉस्टचे आकडेही वेगवेगळे असू शकतात, दोन्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. पुढची सीट उचला, इंजिनवरचं झाकण काढा. आता थांबा, आणि ब्रशने, शक्य तर हवेने, सगळी धूळ साफ करा. आपल्या ऊसपट्ट्यातल्या गाड्यांवर हेडच्या खाचांत मातीचा थर असतो. टॅपेट कव्हर उघडल्यावर ती आत पडली तर थेट कॅमवर जाते. प्लगच्या वायरींना चिकटपट्टीने १, २, ३ नंबर घाला आणि तिन्ही प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. मग टॅपेट कव्हर काढा. डेल्कोचं झाकणही बाजूला करा, वायरी तशाच ठेवून.

क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा, कधी उलटं नको. टायमिंगच्या खुणा जुळल्या आणि डेल्कोचा रोटर (आतला फिरणारा भाग) पहिल्या नंबरच्या वायरीकडे आला की पहिला पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आलेला असतो. खात्रीसाठी पहिल्या सिलेंडरचे दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघा. दोन्ही किंचित खुळखुळले पाहिजेत. घट्ट लागले तर अजून एक पूर्ण वेढा द्या.

आता महत्त्वाची गोष्ट. चार सिलेंडरच्या इंजिनावर शिकलेला मिस्त्री म्हणेल की चौथ्याचे रॉकर डुलताना दिसले की पहिला सेट करायचा. ती युक्ती इथे चालत नाही. तीन सिलेंडरमध्ये जोडीचा पिस्टनच नसतो. पहिला वर असताना बाकीचे दोघे अर्धवट वाटेत असतात. इथे फायरिंग ऑर्डर आहे १-३-२, आणि दोन स्फोटांमध्ये क्रँक २४० अंश फिरते. म्हणून पहिला झाला की क्रँक दोन तृतीयांश वेढा पुढे न्यायची, मग तिसरा. पुन्हा तेवढीच, मग दुसरा. कोन मोजायची चिंता नको. रोटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तो १२० अंश सरकून पुढच्या वायरीकडे आला की झालं. एकाच स्थितीत जास्त वॉल्व्ह तपासायचा तक्ता पुस्तकात असेल तर तोही बरोबरच असतो, पण पहिल्यांदा करताना एकेक सिलेंडर घेणं बरं.

सेट करण्याआधी सहाही फटी नुसत्या मोजून वहीत लिहा. हे कोणी करत नाही, आणि इंजिनाची खरी बातमी इथेच असते. फट वाढलेली असेल तर टकटक आवाज येतो, मालक तक्रार करतो, काम होतं. फट कमी झाली तर आवाज येत नाही. वॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि एक दिवस तो जळतो. एक्झॉस्टची फट दरवेळी घटलेली सापडत असेल तर सीट खाली बसत चाललीय, हे वहीतल्या आकड्यांवरूनच कळतं.

मग लॉकनट ढिला करा, ठरलेल्या जाडीचं पान रॉकर आणि वॉल्व्हच्या मधे घाला, स्क्रू फिरवून असा आणा की पान ओढताना हलकासा अडखळा जाणवेल. अडकणारही नाही, सुटंही पडणार नाही. स्क्रू तसाच धरून लॉकनट आवळा. आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून पान पुन्हा घालून बघायचं. सहाही झाल्यावर क्रँकला पूर्ण दोन वेढे द्या आणि परत तपासा. कव्हरचे बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कनेच लावा. तो आकडा अगदी लहान असतो. जोर लावला तर पत्रा वाकतो आणि ऑईल झिरपायला लागतं.

कॉम्प्रेशन बघताना बेळगावची उंची धरा

पिकअप नाही, चढाला ओढ नाही, अशी तक्रार असेल तर कार्बोरेटर खोलण्याआधी कॉम्प्रेशन बघा. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडलेली, बॅटरी पूर्ण चार्ज, आणि स्टार्टर मारताना एका माणसाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. शेवटची अट विसरली तर हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिन आजारी ठरतं.

आता पुस्तकातला आकडा. तो बहुधा समुद्रसपाटीच्या हवेचा धरलेला असतो. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि इथला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ८ टक्के कमी असतो. समजा पुस्तकात १२ किलो प्रति चौ. सेंमी असेल, तर आपल्याकडे तब्येतीचं इंजिनही ११ च्या आसपास दाखवेल. तेवढ्यावरून रिंगा बदलायला निघू नका. कारवारला समुद्राकाठी मोजलंत तर पुस्तकातला आकडा तसाच धरायचा. त्याहून महत्त्वाचा आहे तीन सिलेंडरमधला आपसातला फरक, आणि त्याचीही मर्यादा पुस्तकात असते. एकच सिलेंडर मागे पडला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा बघा. आकडा चढला तर दोष रिंग किंवा बोअरचा, जैसे थे राहिला तर वॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम पडले असतील तर हेड गॅस्केटकडे बघा.

गरम होणारी गाडी

गोव्याकडून चोर्ला घाट चढून येताना किंवा आंबोलीच्या चढाला भरलेली ओम्नी तापते, हे सगळ्यांना माहीत आहे. इंजिन सीटखालच्या पेटीत बसलेलं, बाजूने वारा कमी. पुस्तकात यासाठी दोषांचा तक्ता असतो. तो वरून खाली, स्वस्त कारणापासून महाग कारणाकडे जात वाचा.

रेडिएटरचं झाकण हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. आपल्या उंचीवर पाणी उघड्यावर सुमारे ९७.५ अंशांना उकळतं. झाकणाची स्प्रिंग मेली की दाब राहत नाही आणि इंजिन ठीक असूनही उकळी फुटते. झाकणाचा दाब पुस्तकात आणि झाकणावर दोन्हीकडे छापलेला असतो, तो जुळवा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असो. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून टाकून गाडी पळवायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, ती सोडा. त्याने इंजिन गार राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि बोअर लवकर झिजतो. थर्मोस्टॅट तपासायला पातेल्यात पाणी घ्या, तो दोऱ्याने टांगा, थर्मामीटर लावा, आणि उघडायला कधी लागतो व पूर्ण किती उघडतो हे पुस्तकाशी ताडा. भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका.

हेड उतरवायची वेळ आलीच तर बोल्ट ढिले करताना बाहेरून आत, आवळताना मधून बाहेर, आणि दोन-तीन टप्प्यांत. नेमका क्रम पुस्तकात नंबर टाकून दिलेला असतो. तो खडूने हेडवरच लिहा. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही, नाहीतर हेड वाकतं. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत ऑईल किंवा पाणी साचलं असेल तर ते पूर्ण पुसून घ्या. खाली द्रव अडकला की रेंच क्लिक करतो पण गॅस्केट दबलेलीच नसते, आणि कधी ब्लॉकला तडाही जातो.

टायमिंग बेल्टबद्दल (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा) थोडक्यात: खुणा जुळवून पट्टा चढवला, ताण दिला, की प्लग काढलेल्या अवस्थेत हाताने क्रँक दोन पूर्ण वेढे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. एक दात चुकला असेल तर इथे कळतं. पट्ट्याला ऑईल लागलं असेल तर नुसता पट्टा बदलून उपयोग नाही, आधी गळणारं सील शोधा.

किती किलोमीटरला, हे आपल्या रस्त्यावर ठरतं

मॅन्युअलमध्ये देखभालीचे दोन तक्ते असतात. एक साधारण वापराचा, दुसरा कठीण वापराचा, ज्यात मुदती कमी असतात. कठीण वापर म्हणजे काय ते खाली छापलेलं असतं: धूळ, जादा भार, घाट, आणि इंजिन पूर्ण तापायच्या आत संपणाऱ्या छोट्या फेऱ्या. रायबाग, चिकोडी, अथणीकडे गाळप हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे महिनोन् महिने धूळ खाणारी गाडी, किंवा गावातून डेअरीपर्यंत दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणारी गाडी, सरळ दुसऱ्या तक्त्यात बसते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्याच्या तोंडावर डेल्कोचं झाकण, रोटर आणि प्लगच्या वायरी आवर्जून बघा. रात्री अंधारात इंजिन चालू करून वायरींकडे पाहिलं की कुठे निळी ठिणगी उडतेय ते उघड दिसतं.

पुस्तक छापल्यानंतर बदललेलं

देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं २०२३ पासून. आपल्याच भागातल्या उसाचा त्यात वाटा आहे. पण ओम्नीची मॅन्युअल त्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे त्यांतल्या पेट्रोल पाईपच्या मुदती या पेट्रोलसाठी नाहीत. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, नंतर भेगा पाडतं. ओम्नीत इंजिन माणसांच्या सीटखाली आहे, त्यामुळे इथे गळती म्हणजे जिवाशी खेळ. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाईप दर सर्व्हिसला वाकवून बघा. बदलताना इथेनॉल चालणारा पाईप मागून घ्या, क्लिपाही नव्या लावा. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामीच्या जवळ ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

गॅस किट असलेल्या गाडीत टॅपेट पुस्तकातल्या मुदतीच्या आधी तपासा, कारण गॅसवर वॉल्व्ह सीट लवकर झिजतात आणि फट कमी होत जाते. किट मान्यताप्राप्त आणि आरसीवर चढवलेलं असावं. घरगुती सिलेंडर गाडीत लावणं बेकायदा तर आहेच, पण सीटखाली इंजिन आणि मागे पोरं बसलेल्या व्हॅनमध्ये ते कोणीही करू नये.

डिझेल व्हॅनवाल्यांनाही, मग ती ट्रॅव्हलर असो की जुनी मॅटाडोर, वरची वाचायची पद्धत तशीच लागू पडते: आधी ओळख, मग स्टँडर्ड आणि लिमिट, मग टॉर्क. फक्त इंजेक्शन पंप घरी उघडू नका. त्याचं सेटिंग टेस्ट बेंचशिवाय होत नाही. पंपवाल्याकडे जाताना पुस्तकातलं पंपाचं पान घेऊन जा आणि परत येताना त्याने काढलेले आकडे लिहून आणा.

गाडीची वही

मॅन्युअलच्या शेजारी एक शंभर पानी वही ठेवा. प्रत्येक कामाला तारीख, किलोमीटर, काय मोजलं, पुस्तकात काय होतं, काय बसवलं, पार्ट नंबर, कुठल्या दुकानातून, कोणी काम केलं. सहा टॅपेटच्या फटी आणि तीन कॉम्प्रेशनचे आकडे दरवेळी एकाखाली एक येतील अशा रेघा आखा. नवीन मिस्त्रीकडे गाडी टाकताना वही आणि त्या कामाचा कागद, दोन्ही त्याच्या हातात द्या, आणि नम्रपणे सांगा, "मामा, आवळायच्या आधी एवढा आकडा बघून घ्या." जुने भाग परत मागून घ्या, मोजा, आणि मगच टाका. पंधरा वर्षांनंतर आरसी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायला गाडी तपासणीला न्यायची असते. त्याआधी महिनाभर ही वही उघडून कुठलं काम राहिलंय ते बघा, म्हणजे धुराच्या चाचणीपूर्वी प्लग, एअर फिल्टर आणि टॅपेट एकदा करून घ्यायला वेळ मिळतो.